गाड्यांच्या कारखान्याखालची जमीन

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



माझी सगळी नोकरी रेल्वेत झाली. माटुंग्याच्या वर्कशॉपमध्ये ३३ वर्षं प्रवासी डबे खोलले, तपासले, दुरुस्त केले आणि पुन्हा रुळावर सोडले. अशा माणसाला परदेशात नेलं तरी त्याची नजर जायची तिथंच जाते. मुलगा सिडनीला असतो. त्याच्याकडे गेलो होतो तेव्हा त्यानं ऑपेरा हाऊस दाखवलं, बंदरावरचा तो प्रचंड लोखंडी पूल दाखवला. मी पुलाचे रिव्हेट बघत बसलो. शेवटी एका शनिवारी सकाळी तो म्हणाला, "बाबा, चला, आज तुम्हाला तुमच्या वर्कशॉपमध्ये नेतो. येताना भाजीही घेऊन येऊ."

वर्कशॉपमध्ये भाजी? मला वाटलं, चेष्टा करतोय. पण आम्ही दुमजली लोकलनं रेडफर्न नावाच्या स्टेशनवर उतरलो, विल्सन स्ट्रीट नावाच्या रस्त्यानं दहा मिनिटं चाललो आणि समोर विटांच्या लांबच लांब शेड दिसल्या. एकीला एक लागून, वर त्रिकोणी छपरांची रांग. दारात ताजा पाव, चीज, अळंबी, पालेभाज्या यांचे ठेले आणि कॉफीच्या रांगा. मी आत शिरलो आणि भाजी विसरलो. बिडाचे उंच खांब, वरून येणारा पांढरा उजेड आणि पायाखाली सिमेंटमध्ये तसेच राखून ठेवलेले रूळ. वास तेवढा नव्हता. तेल, गंज आणि गरम लोखंड यांचा तो वास ज्यानं आयुष्यभर घेतलाय, त्याला तो नसला की चुकल्यासारखं होतं.

या जागेला आज 'कॅरेजवर्क्स' म्हणतात. २००७ च्या जानेवारीपासून हे कलाकेंद्र आहे. नाटकं, नृत्य, चित्रप्रदर्शनं आणि शनिवारी शेतकऱ्यांचा बाजार. त्याआधी जवळजवळ शंभर वर्षं इथं न्यू साउथ वेल्स या राज्याच्या रेल्वेचे डबे बांधले जात आणि दुरुस्त होत. मूळ नाव इव्हली रेल्वे वर्कशॉप. मेन लाइनच्या एका अंगाला डब्यांचा कारखाना, दुसऱ्या अंगाला इंजिनांचा. शेडच्या बाहेर ट्रॅव्हर्सरही दिसला. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. वर्कशॉपमध्ये एकमेकांशेजारी अनेक रूळ असतात. डबा एका रुळावरून शेजारच्या रुळावर न्यायचा तर वळण घ्यायला जागा नसते. मग डबा एका सरकत्या पाटावर चढवतात आणि तो पाट आडवा सरकवतात. तो ट्रॅव्हर्सर. माटुंग्याचा ट्रॅव्हर्सर सरकताना जो आवाज करायचा, तो मला त्या क्षणी कानात ऐकू आला.

आता मी आज तुमच्याशी बोलायला बसलोय ते या शेडचं कौतुक सांगायला नव्हे. त्या शनिवारनंतर मी तिथं पुन्हा पुन्हा गेलो, एक-दोन कार्यक्रम पाहिले. प्रत्येक कार्यक्रमाच्या आधी एक निवेदन व्हायचं. ही जमीन गॅडिगल लोकांची आहे, त्यांच्या पूर्वजांना आम्ही आदरपूर्वक वंदन करतो, अशा अर्थाचं. लोक शांतपणे ऐकत. मी मुलाला विचारलं, "हे गॅडिगल कोण?" त्याला एवढंच ठाऊक होतं की ते इथले मूळ रहिवासी. नावातला 'गाडी' हा आपल्या कानाला ओळखीचा वाटणारा शब्द मला मोठा गमतीचा वाटला. गाड्यांच्या कारखान्याखालची जमीन गाडीवाल्यांची! पुढं समजलं, की 'गॅडी' हे सिडनी बंदराच्या दक्षिण काठच्या त्यांच्या मुलखाचं नाव, आणि 'गल' म्हणजे तिथले लोक. गवतासारखा झुबका असलेलं एक झाड तिकडं होतं, त्यावरून हे नाव पडल्याचं सांगतात. त्या झाडाच्या सरळ दांड्यापासून ते भाले करत. गंमत तिथंच संपली. पुढचं जे कळत गेलं त्यात गमतीचं काही नव्हतं.

२६ जानेवारी १७८८. आपल्याला २६ जानेवारी म्हटलं की प्रजासत्ताक दिन आठवतो. त्या तारखेला ऑस्ट्रेलियातही सुट्टी असते, पण कारण वेगळं. त्या दिवशी इंग्लंडहून निघालेली ११ जहाजं कैद्यांना घेऊन सिडनीच्या बंदरात उतरली आणि इंग्रजांचा झेंडा लागला. हिंदुस्थानात इंग्रजांनी जमीन घेताना लढाया केल्या, तह केले, खोटेनाटे का होईना कागद केले. पेशव्यांशी वसईचा तह करावा लागला. सिडनीत त्यांनी तेवढाही त्रास घेतला नाही. ही जमीन कुणाचीच नाही, असं धरून ते चालले. जे लोक तिथं हजारो वर्षं मासे पकडत होते, होड्या चालवत होते, ज्यांची गाणी आणि नाचाच्या जागा तिथं होत्या, ते कायद्याच्या हिशेबात नव्हतेच. पुढच्याच वर्षी, १७८९ मध्ये, देवीची साथ आली. त्या परिसरातले निम्मे मूळ रहिवासी त्यात गेले असावेत, असा अंदाज पहिल्या गव्हर्नरनंच लिहून ठेवला आहे.

उरलेल्या जमिनीची वाटणी झाली. रेडफर्न हे नाव कुठून आलं बघा. विल्यम रेडफर्न नावाचा एक डॉक्टर होता. इंग्लंडच्या आरमारात १७९७ मध्ये बंड झालं, त्यात सामील म्हणून शिक्षा होऊन तो इकडं आला. पुढं सुटला, नावारूपाला आला, आणि १८१७ मध्ये गव्हर्नरनं त्याला इथं शंभर एकर जमीन दिली. इव्हली हे नाव तिथल्या एका जमीनमालकाच्या बंगल्याचं. त्यानं बंगल्याला आपल्या आईचं माहेरचं आडनाव दिलं होतं. म्हणजे स्टेशनला कैदी डॉक्टरचं नाव आणि कारखान्याला एका इंग्रज बाईच्या माहेरचं. ज्यांची जमीन होती त्यांचं नाव कुठंही नाही. त्यांना मोबदला नाही, त्यांच्याशी करार नाही.

आणि मग आली रेल्वे. मुंबई-ठाणे गाडी १६ एप्रिल १८५३ ला धावली, हे आपल्याकडे शाळेतलं पोरही सांगेल. सिडनी ते पॅरामाटा ही तिकडची पहिली लाइन २६ सप्टेंबर १८५५ ला सुरू झाली. म्हणजे रेल्वेच्या हिशेबात आम्ही त्यांचे अडीच वर्षांनी थोरले भाऊ. फरक एवढाच, की आपल्याकडे रुळांमधलं अंतर साडेपाच फूट ठेवलं आणि तिकडं चार फूट साडेआठ इंच. शेजारच्या व्हिक्टोरिया राज्यानं तर पाच फूट तीन इंच धरलं, त्यामुळे पुढं कित्येक वर्षं सरहद्दीवर प्रवाशांना गाडी बदलावी लागे. साहेबाचा कारभार सगळीकडे सारखाच!

पॅरामाटाच्या लाइनला फाटे फुटत गेले. लोकर, गहू, कोळसा बंदराकडे येऊ लागला. इंजिनं आणि डबे वाढले, जुनी दुरुस्तीची जागा अपुरी पडली. म्हणून १८८० च्या सुमारास सरकारनं इव्हलीची जमीन घेतली आणि त्या दहा वर्षांत जॉर्ज काउडरी या रेल्वेच्या इंजिनिअरच्या देखरेखीखाली या शेड उभ्या राहिल्या. आपल्या बोरीबंदरच्या स्टेशनचं बांधकाम त्याच काळातलं. तिकडं शिल्पकाम, घुमट आणि दगडी वाघ-सिंह. इकडं साध्या विटा. पण साम्राज्य एकच आणि रेल्वेमागचा हिशेब एकच. आतला माल बंदराकडं न्यायचा.

कारखाना मोठा कर्तबगार होता. १९०८ पासून तिथं इंजिनंही तयार होऊ लागली. हजारो माणसं कामाला. भोंगा झाला की गल्ल्या भरून जायच्या. ऑगस्ट १९१७ मध्ये इथंच एका प्रचंड संपाची ठिणगी पडली. व्यवस्थापनानं प्रत्येक कामगाराच्या नावानं कार्ड काढलं. कुठल्या कामाला किती मिनिटं लागली, ते मुकादमानं त्यावर लिहायचं. कामगारांनी हत्यारं खाली ठेवली. संप राज्यभर आणि राज्याबाहेर पसरला, सहा आठवडे चालला आणि मोडला. कितीतरी जणांची सीनियॉरिटी गेली, कितीतरी कायमचे घरी बसले. बेन चिफली नावाच्या एका तरुण इंजिन ड्रायव्हरलाही नोकरीवरून काढलं होतं. तो पुढं ऑस्ट्रेलियाचा पंतप्रधान झाला. हे वाचताना मला १९७४ चा आपला रेल्वे संप आठवला. वर्कशॉपमधल्या जुन्या माणसांकडून मी त्याच्या गोष्टी ऐकल्या होत्या.

इथपर्यंतचा इतिहास फलकांवर आहे आणि चांगला लिहिलेला आहे. पण मला ज्यानं अडवलं ते पुढं आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला मूळ रहिवाशांचं आयुष्य एका सरकारी मंडळाच्या हातात गेलं. १८८३ मध्ये न्यू साउथ वेल्सनं त्यांच्या 'संरक्षणा'साठी एक बोर्ड नेमलं आणि १९०९ मध्ये त्याला कायद्याचं बळ दिलं. कुणी कुठल्या वसाहतीत राहायचं, कुणी बाहेर जायचं, कुणी कुणाला भेटायचं, हे बोर्डाचे अधिकारी ठरवत. बोर्डानं ज्या मुलामुलींना शेतांवर, घरकामाला लावलं, त्यांचा बराचसा पगार बोर्डाकडेच जमा होई. पुष्कळांच्या हातात तो कधीच आला नाही. तो परत देण्यासाठी राज्य सरकारला थेट २००४ मध्ये योजना काढावी लागली.

अशा जाचातून सुटायची एक वाट म्हणजे शहर. आणि शहरात कामाची एक जागा म्हणजे इव्हलीचा कारखाना. १९२०-३० नंतर, विशेषतः मंदीच्या आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, राज्याच्या कानाकोपऱ्यातून हे लोक रेडफर्नला येत राहिले. ते स्वतःला 'कूरी' म्हणवतात. आधी एक भाऊ यायचा, भाड्याची खोली घ्यायचा, मग गावाकडचे मागोमाग यायचे. हे सांगताना मला परळ-लालबागच्या खोल्या दिसतात. एका खोलीत कोकणातली, साताऱ्याकडची दहा-बारा माणसं, आणि पाळीप्रमाणे झोपायची जागा. तिकडंही तसंच होतं. कारखान्यात मजुरी, हमाली, फिटरच्या हाताखालचं काम मिळे. सिडनीत कूरी लोकांना काम देणाऱ्या सगळ्यांत मोठ्या ठिकाणांमध्ये इव्हलीचं नाव घेतलं जातं. बोर्डाच्या वसाहतीत ज्याला परवानगीशिवाय हलता येत नव्हतं, त्याला इथं हजेरी होती, आठवड्याचा पगार होता, युनियनचं कार्ड होतं. भोंगा सगळ्यांसाठी एकच वाजायचा.

म्हणजे ज्या कारखान्यानं जमीन घेतली, त्यानंच पुढं पोटाला भाकरीही दिली. हे दोन्ही खरं आहे, आणि एक सांगताना दुसरं झाकता येत नाही.

याच्यापेक्षा कठीण गोष्ट आता सांगतो. १९१५ मध्ये त्या कायद्यात दुरुस्ती झाली. त्यानंतर मूळ रहिवाशांचं मूल त्याच्या आईबापांपासून काढून घ्यायला बोर्डाला न्यायालयात जायची गरज उरली नाही. मुलाच्या भल्यासाठी, एवढं अधिकाऱ्याला वाटलं की पुरे. मुलींना कूटामंड्रा गावातल्या वसतिगृहात नेत आणि घरकामाची मोलकरीण होण्याचं शिक्षण देत. मुलांना १९२४ पासून किंचेला इथल्या वसतिगृहात नेत. तिथं मुलांना नावाऐवजी नंबर असायचे. अगदी तान्ह्या मुलांसाठी बोमाडेरीला वेगळी जागा होती. भाषा बोलायची नाही, घरची आठवण काढायची नाही. काहींना आईवडील मेल्याचं खोटंच सांगितलं गेलं. हे १९६० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत चाललं. १९९७ मध्ये राष्ट्रीय चौकशीचा जो अहवाल आला, त्यानं म्हटलं की १९१० ते १९७० या काळात देशातल्या मूळ रहिवाशांच्या दर दहांमागे एक ते दर तिनांमागे एक, इतक्या प्रमाणात मुलं अशी उचलली गेली. तिकडं त्यांना 'चोरलेल्या पिढ्या' म्हणतात.

आणि ही मुलं नेली कशी? पुष्कळशी रेल्वेनं. सिडनीच्या सेंट्रल स्टेशनच्या एक नंबर प्लॅटफॉर्मवरून त्यांना त्या वसतिगृहांकडं धाडत. भावाला एका गाडीत, बहिणीला दुसऱ्या. २०१८ मध्ये त्या प्लॅटफॉर्मवर त्यांचं स्मारक झालं. मी ते पाहायला मुद्दाम गेलो. आजूबाजूला माणसं बॅगा ओढत धावत होती, गाड्यांच्या घोषणा चालल्या होत्या. कुठल्याही स्टेशनावर असतं तसंच सगळं होतं. मी तिथं उभा राहिलो आणि माझ्या मनात वर्कशॉपमधलीच गोष्ट आली.

श्रोतेहो, आम्ही डब्याची पूर्ण दुरुस्ती केली, रंग दिला, की सोडण्याआधी त्याच्या अंगावर रंगानं एक तारीख लिहितो. हा डबा पुन्हा दुरुस्तीला कधी परत यायचा, ती ही तारीख. डबा मुंबईतून कुठंही जावो, काश्मीरकडे जावो की कन्याकुमारीला, त्या तारखेला तो कारखान्यात यायलाच हवा, नाहीतर पत्रापत्री सुरू. लोखंडाची एवढी काळजी. न्यू साउथ वेल्सचे डबे इव्हलीच्या शेडमध्ये येत, तिथून नीट होऊन बाहेर पडत. कूरी कामगारांचेही हात त्यांना लागत असतील. आणि त्याच रेल्वेच्या गाड्यांतून कूरी मुलं जात. डबा परत यायचा. मूल परत येण्याची तारीख कुणीच लिहून ठेवली नव्हती. मी ३३ वर्षं डब्यांची चाकं, ब्रेक, बाकं तपासली. डब्यात कोण बसतं आणि का बसतं, याचा विचार करणं माझ्या कामात नव्हतं. इव्हलीच्या फिटरच्याही कामात नसणार. म्हणूनच मला त्या प्लॅटफॉर्मवर उभं राहणं अवघड गेलं.

पण गोष्ट इथं संपली असती, तर मी ती तुम्हाला सांगितली नसती. ज्या वस्तीला कारखान्यानं धरून ठेवलं, त्या वस्तीनं पुढं स्वतःच्या पायावर उभं राहायचं ठरवलं. रेडफर्नमध्ये पोलीस कूरी पोरांना ऊठसूट पकडत. तेव्हा १९७० मध्ये तिथल्या तरुणांनी काही वकिलांना बरोबर घेऊन स्वतःचं कायदा मदत केंद्र काढलं. १९७१ मध्ये स्वतःचा दवाखाना निघाला. १९७२ मध्ये स्वतःची नाटक मंडळी उभी राहिली. घरमालक भाड्यानं खोल्या देत नाहीत, पडक्या घरात राहिलं तर पोलीस हाकलतात, म्हणून माणसं ठाण मांडून बसली, आणि बांधकाम कामगारांची युनियन त्यांच्या पाठीशी उभी राहिली. १९७३ मध्ये केंद्र सरकारच्या पैशातून त्यांनी घरं विकत घ्यायला सुरुवात केली. या वस्तीला 'द ब्लॉक' म्हणतात. ती ज्या रस्त्यामुळे ओळखली गेली त्याचं नाव इव्हली स्ट्रीट. ज्यांनी ही घरांची संस्था काढली, त्यांत बॉब बेलिअर होते. ते १९९६ मध्ये न्यायाधीश झाले. मूळ रहिवाशांमधून तिथवर पोचलेले ते पहिले.

त्याच परिसरातल्या रेडफर्न पार्कमध्ये १० डिसेंबर १९९२ ला पंतप्रधान पॉल कीटिंग यांनी उघड्यावर, लोकांसमोर कबूल केलं की जमिनी आम्ही घेतल्या, मुलं आयांपासून आम्ही तोडली. त्याच वर्षी जूनमध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं 'ही जमीन कुणाचीच नव्हती' हा दोनशे वर्षांचा समज खोडून काढला होता. तो दावा सहा जणांनी नव्हे, एका बेटावरच्या मोजक्या माणसांनी चालवला होता. त्यांतल्या एडी माबो यांच्या नावानं तो ओळखला जातो. निकालाच्या काही महिने आधीच ते वारले होते. १३ फेब्रुवारी २००८ ला पंतप्रधान केव्हिन रड यांनी संसदेत चोरलेल्या पिढ्यांची माफी मागितली, तेव्हा रेडफर्नमध्ये लोकांनी एकत्र जमून ती पडद्यावर पाहिली.

या सगळ्यात कारखान्याचं काय झालं? वाफेची इंजिनं गेली, नवे डबे बाहेरून येऊ लागले. १९८८-८९ मध्ये भोंगा बंद झाला. आपल्या गिरण्या बंद होत गेल्या ती वर्षंही साधारण हीच. रेडफर्नच्या कितीतरी घरांतला आठवड्याचा पगार थांबला. त्यानंतरच्या काळात ब्लॉकवर गरिबी वाढली, नशा आली, पोलिसांशी रोजची झटापट आली. २००४ च्या फेब्रुवारीत सतरा वर्षांचा एक कूरी मुलगा सायकलवरून पडून गेला. पोलीस पाठलाग करत होते असं वस्तीचं म्हणणं होतं. पोलिसांनी ते नाकारलं. त्या रात्री स्टेशनासमोर दंगल झाली. त्यानंतर तीनच वर्षांनी, हाकेच्या अंतरावर, नाटकांसाठी कॅरेजवर्क्सची दारं उघडली.

या दोन गोष्टी शेजारी शेजारी घडल्या, म्हणून माझं मन कलाकेंद्राबद्दल थोडं सावध होतं. गिरणीचा मॉल होतो तेव्हा चिमणी तेवढी शोभेला ठेवतात, ते आपण पाहिलं आहे. पण खरं सांगायचं तर इथं त्यापेक्षा बरं काम झालंय. रूळ ठेवलेत, खांब ठेवलेत. मूगाहलिन ही मूळ रहिवाशांची नाटक मंडळी इथं काम करत आली आहे. पूर्वी ज्यांच्या हातात हमालीची ट्रॉली असायची, त्यांची नातवंडं त्याच छपराखाली आपली गोष्ट आपल्या तोंडानं सांगतात. ही लहान गोष्ट नाही. मात्र रुळांपलीकडच्या इंजिनांच्या शेडमध्ये आता कार्यालयं आणि दुकानं आहेत, भोवतालची भाडी आकाशाला भिडली आहेत. ब्लॉकवरची जुनी घरं पाडली गेली. तिथं मूळ रहिवाशांसाठी परवडणारी घरं हवीत म्हणून आजीबाईंनी तंबू ठोकून महिनोन्महिने धरणं धरलं, तेव्हा कुठं आश्वासन मिळालं. आज तिथं त्यांच्यासाठी ६२ घरं आहेत, आणि शेजारी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाचा उंच टॉवर.

ऑक्टोबर २०२३ मध्ये देशभर एक सार्वमत झालं. मूळ रहिवाशांचं म्हणणं संसदेपुढं मांडणारं एक सल्लागार मंडळ राज्यघटनेत असावं का, असा प्रश्न होता. साधारण साठ टक्के लोकांनी नाही म्हटलं. म्हणजे कार्यक्रमाआधी वंदन करायला सगळे तयार आहेत. घटनेत जागा द्यायची वेळ आली, की हात आखडतो. मुलगा तिकडचा नागरिक आहे. आम्ही दोघं यावर बरंच बोललो. तो म्हणाला, "बाबा, आम्ही तर काल आलेले. आमचा यात काय दोष?" मी म्हटलं, "दोष नाही रे. पण तू ज्या घरात राहतोस ती जमीनही कुणाची तरी होती. ती कुणाची, एवढं तरी आपल्याला ठाऊक असावं."

बोललो खरा, आणि मग स्वतःच गप्प झालो. कारण माटुंग्याचं वर्कशॉप १९१५ मध्ये उभं राहिलं, हे मला पाठ आहे. ते कुणी बांधलं, हे ठाऊक आहे. त्याच्याखाली आधी कुणाची शेतं होती, कुणाची खाडी होती, कुणाचं दैवत होतं, हे मी ३३ वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. बोरीबंदरला २००४ मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला. त्याचा वास्तुरचनाकार स्टीव्हन्स, हे आपण कौतुकानं सांगतो. १८६३ मध्ये बोरघाटातून गाडी वर चढली, तो इंग्रजांच्या इंजिनिअरिंगचा चमत्कार म्हणून आपण वाचतो. त्या घाटात कॉलऱ्यानं, तापानं, सुरुंगानं मेलेल्या हजारो मजुरांपैकी एकाचं तरी नाव आपल्याला सांगता येईल का?

जुनी इमारत जपायची म्हणजे विटा आणि खांब जपायचे, असं मला आधी वाटायचं. मी यंत्रावरच वाढलेला माणूस. आता वाटतं, तो निम्माच वारसा झाला. त्या छपराखाली कोण राबलं, त्याआधी तिथं कोण राहत होतं आणि तिथून निघालेल्या गाड्यांनी कुणाला कुठं नेलं, हेही त्याच फलकावर हवं. हे लिहिल्यानं इमारत लहान होत नाही. कारागिराचं कौतुकही कमी होत नाही. इव्हलीच्या फिटरनं चोख काम केलं, हे खरंच आहे.

भारतात परत आल्यावर एक दिवस मी माटुंग्याला गेलो. जुने सहकारी भेटले, चहा झाला. निघताना एका तरुण अप्रेंटिसला सहज विचारलं, "काय रे, हे वर्कशॉप व्हायच्या आधी इथं काय होतं?" तो जरा गोंधळला. मग म्हणाला, "सर, माहीत नाही. पण माझी आजी धारावीच्या कोळीवाड्यातली आहे. तिला विचारतो."

मी त्याला म्हटलं, "जरूर विचार. आणि लिहून ठेव."